म्हैस, माकड आणि आवळा



गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला महामार्ग ओलांडून आरे कॉलनीत शिरले, की दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक म्हणजे हवा गार होते आणि दुसरी म्हणजे थोड्याच अंतरावर तबेल्यांचा वास येऊ लागतो. थंडीच्या दिवसांत तिसरीही एक गोष्ट दिसते. रस्त्याच्या कडेला पाड्यांवरच्या बायका भाजीचे वाटे मांडून बसलेल्या असतात आणि त्या वाट्यांमध्ये हिरवट-पिवळ्या आवळ्यांचा एखादा ढीग असतो. कार्तिकात आवळीभोजनाच्या निमित्ताने झाडाखाली पंगत मांडण्याची आपली जुनी रीत आहे. ती आता शहरात फारशी उरली नसली, तरी डब्यात पुऱ्या-भाजी घेऊन आरेत येणारी मंडळी आजही भेटतात.

या रस्त्याच्या एका बाजूला तबेल्यात रवंथ करणारी म्हैस आहे. शेजारच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात माकडे आहेत. आणि हातात आवळा घेऊन तुम्ही उभे आहात. आता एक प्रश्न विचारतो. आयुष्यभर एकही फळ आणि एकही ताजी भाजी मिळाली नाही, नुसत्या वाळल्या वैरणीवर आणि धान्यावर दिवस काढावे लागले, तर हिरड्यांतून रक्त न येता या तिघांपैकी कोण जगेल?

उत्तर आहे : म्हैस. तुम्ही नाही आणि माकडही नाही. असे का, ते आपण पाहू.

पूर्णान्नातली उणीव

मुंबई शहराच्या दाट वस्तीत विखुरलेल्या तबेल्यांतील जनावरे शहराबाहेर न्यावीत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. १९५१ साली पंतप्रधान पं. जवाहरलाल नेहरू येथे आले आणि त्यांनी एक रोप लावले. सुमारे तेराशे हेक्टर जमीन, तीसहून अधिक तबेले आणि त्यांत हजारो म्हशी, असा तो प्रचंड व्याप होता. शहरातल्या कितीतरी पिढ्या आरेच्या दुधावर वाढल्या.

दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो. त्यात प्रथिने आहेत, स्निग्धांश आहे, कॅल्शियम आहे. पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे पूर्णान्न अगदीच अपुरे पडते. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात क जीवनसत्त्व जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम असते आणि दूध तापवले की तेही घटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी रोज ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. गणित करून पाहा. १०० मिलिलिटरला २ मिलिग्रॅम धरले, तरी ८० मिलिग्रॅमसाठी रोज चार लिटर दूध प्यावे लागेल!

मग रेडकू त्याच दुधावर कसे वाढते? कारण रेडकाला क जीवनसत्त्व खावेच लागत नाही. म्हैस, गाय, शेळी, कुत्रा, मांजर, हे सारे प्राणी आपल्या यकृतात ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व तयार करतात. या साखळीतल्या शेवटच्या पायरीसाठी एक विकर लागते. त्याचे नाव एल-गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज. हे विकर बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, ते जनुक माणसाच्या शरीरात आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी माणूस, वानर आणि माकडे यांच्या समान पूर्वजात ते निकामी झाले. त्या पूर्वजाच्या आहारात फळे आणि पाने भरपूर असावीत, त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही. बिघडले ते पुढे, माणूस ताज्या अन्नापासून महिनोन्‌महिने दूर राहू लागला तेव्हा.

आंबटपणाने घातलेला घोळ

क जीवनसत्त्वाशिवाय आपले शरीर कोलॅजेन नावाचे प्रथिन नीट बांधू शकत नाही. हिरड्या, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडे यांना एकत्र धरून ठेवणारा दोर म्हणजे कोलॅजेन. तो दोर सैल पडला, की हिरड्या सुजतात, दात हलतात, त्वचेखाली रक्त साकळते, बऱ्या झालेल्या जखमादेखील पुन्हा उघडतात. हाच स्कर्व्ही रोग. समुद्रात युद्धात मेले नसतील एवढे खलाशी या रोगाने मेले.

१७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरील डॉक्टरने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. ज्यांना संत्री आणि लिंबे मिळाली, ते दोघे काही दिवसांतच उठून कामाला लागले. १७९५ साली ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली आणि तेथून स्कर्व्ही ओसरली.

पण गोष्ट येथे संपत नाही. फळातला नेमका कोणता पदार्थ गुणकारी आहे, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. अनेकांची समजूत अशी, की जे काही आहे ते आंबटपणात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नौदलाने पूर्वीची मोठी पिवळी लिंबे सोडून वेस्ट इंडीजमधली हिरवी लहान लिंबे घेतली. ती अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असे वाटले. प्रत्यक्षात त्यांच्यात क जीवनसत्त्व कमी होते. शिवाय रस हवेत उघडा राहत होता आणि तांब्याच्या नळ्यांतून वाहत होता. हवा आणि तांबे हे दोघेही क जीवनसत्त्वाचे वैरी! १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत लिंबाचा रस बरोबर असूनही स्कर्व्हीने गाठले. आंबट ते औषधी, या समजुतीची ती किंमत होती.

ही समजूत आपल्याकडेही आहे. आरेतल्या एखाद्या चिंचेच्या झाडाखाली उभे राहून एक बुटुक तोंडात टाका. डोळे मिटतील इतकी ती आंबट असते, पण तो आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा आहे. १०० ग्रॅम चिंचेत क जीवनसत्त्व जेमतेम काही मिलिग्रॅम. उलट पेरू गोड, तरी त्यात २०० मिलिग्रॅमहून अधिक! हंगेरीत अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० नंतरच्या दशकात हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे केले, ते मिरचीच्या जातीतल्या पाप्रिकेपासून. कुठल्या आंबट फळापासून नव्हे. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा आवळा आंबट आहे म्हणून गुणकारी, असे म्हणता येणार नाही. तो गुणकारी आहे का आणि किती, हे मोजूनच ठरवले पाहिजे. आणि येथेच माझी स्वतःची फजिती सांगायची वेळ आली आहे.

माझ्या तक्त्यावरचा आकडा

मी पदार्थविज्ञान शिकवतो. रसायन हा काही माझा प्रांत नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात एका वर्षी मी आवळ्याचा एक तक्ता लावला होता. त्यावर ठळक अक्षरांत दोन विधाने होती : ‘१०० ग्रॅम आवळ्यात क जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम’ आणि ‘आवळ्यातील क जीवनसत्त्व उकळूनही नष्ट होत नाही’. दोन्ही मी पुस्तकांतून उतरवली होती आणि दोन्ही मला लहानपणापासून पाठ होती.

अकरावीतली एक मुलगी आरे कॉलनीतल्या वसाहतीत राहणारी. तिने घराजवळच्या झाडाचे आवळे आणले आणि आम्ही प्रदर्शनात प्रयोग मांडला. भाताच्या पेजेच्या निवळीत आयोडीनचे थेंब टाकले, की गडद निळा रंग येतो. त्यात क जीवनसत्त्वाचा द्रव थेंबाथेंबाने टाकत गेले, की रंग उडतो, कारण क जीवनसत्त्व आयोडीनचे क्षपण करते. थेंब जितके कमी लागतील, तितका तो द्रव अधिक समर्थ. यालाच अनुमापन म्हणतात. ताज्या आवळ्याच्या रसाने रंग चटकन उडाला. मग उकळलेला रस घेतला. त्यानेही जवळजवळ तसाच उडाला. मी खूश झालो. म्हटले, “पाहिलंस? उकळूनही नष्ट होत नाही!”

ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “सर, आयोडीनला कसं कळतं की रंग घालवणारं ते क जीवनसत्त्वच आहे?”

मी विचारले, “म्हणजे?”

“घरी आवळा चिरला की आईची विळी शाईसारखी काळी होते. लिंबू चिरलं तर तशी होत नाही. म्हणजे आवळ्यात आणखी काहीतरी आहे. त्यानंच रंग घालवला असेल तर?”

मला उत्तर देता येईना. शेजारच्या टेबलावर कोरा चहा होता. त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. तिने त्याचे थेंब निळ्या पेजेत टाकायला सुरुवात केली. काही वेळाने रंग उडाला! चहाने आयोडीनचा रंग घालवला तो टॅनिनच्या जोरावर. आणि विळी काळी करणारेही टॅनिनच, कारण लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळसर निळे संयुग बनते. पूर्वी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर करीत. आवळा खाताना जीभ आणि गालाची आतली बाजू आवळल्यासारखी होते, तेही टॅनिनमुळेच. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे-तुरट वाटते.

बाजारात भाजी पिशवीसकट तोलली, तर काटा खोटे बोलत नाही. तो भाजी आणि पिशवी मिळून जे वजन आहे तेच दाखवतो. चूक आपली असते, कारण आपण त्या आकड्याला ‘भाजीचे वजन’ म्हणतो. माझे नेमके तेच झाले होते. आयोडीन क जीवनसत्त्व आणि टॅनिन दोघांनाही तोलत होते आणि मी सगळे माप क जीवनसत्त्वाच्या खात्यावर मांडत होतो. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत मुलांना व्होल्टमीटर नेमके काय मोजतो ते बजावून सांगणाऱ्या माणसाची ही गत!

दुसऱ्या दिवशी मी तक्त्यावर कागद चिकटवला आणि पुस्तके पुन्हा काढली.

६०० की २५२?

आपल्या देशातील अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या जुन्या कोष्टकात आवळ्यापुढे ६०० हा आकडा आहे आणि तोच पुढे असंख्य पुस्तकांत आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम आवळ्याला सुमारे २५२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे.

एवढा फरक कसा? आवळ्याची जात, पक्वता, झाडावरून काढून किती दिवस झाले, यांवर आकडा बदलतो, हे तर खरेच. पण मोजण्याची पद्धतही महत्त्वाची. रंग उडवून मोजण्याच्या जुन्या पद्धतींत टॅनिनसारखे इतर क्षपणकारी पदार्थ मापात मिसळण्याचा धोका असतो. आजच्या क्रोमॅटोग्राफी म्हणजे वर्णलेखन पद्धतीत मिश्रणातले घटक आधी एकमेकांपासून वेगळे करतात आणि मग हवा तोच मोजतात. म्हणजे पिशवीतून भाजी काढून तोलतात!

आता तुम्ही म्हणाल, आकडा निम्म्याहूनही खाली आला, म्हणजे आवळ्याची किंमत घसरली. मुळीच नाही. पुन्हा गणित करू. मध्यम आकाराच्या आवळ्यात बी वगळून ३० ग्रॅम गर धरा. १०० ग्रॅमला २५२, तर ३० ग्रॅमला सुमारे ७५ मिलिग्रॅम. म्हणजे एका आवळ्यात जवळजवळ दिवसाची पूर्ण गरज! १९३९-४० च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीवर आवळ्याचाच उपयोग करण्यात आला होता. आकडा दुरुस्त झाला तरी आवळा होता तेथेच आहे. खरे म्हणजे त्याला फुगवलेल्या आकड्याची गरजच नव्हती.

मोरावळा, सुपारी, आवळकाठी

मग आवळा खावा कसा? क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने नाश पावते. तांबे हा नाश वेगाने घडवून आणते. आम्लात मात्र ते अधिक टिकते आणि आवळा स्वतःच आम्लधर्मी असल्याने शिजवल्यावरही काही भाग उरतो. काही भाग, सगळा नव्हे. यावरून चार व्यवहारी गोष्टी निघतात :

ताजा आवळा मीठ लावून कच्चा खाणे सर्वांत चांगले. किसून कोशिंबिरीत किंवा चटणीत घातला तरी चालेल, पण आयत्या वेळी किसावा. उकडून लोणचे किंवा सरबत करायचे असेल, तर उकडलेले पाणी फेकू नये आणि तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे वापरू नये. उन्हात वाळवलेली आवळासुपारी मुखशुद्धीला छान, आवळकाठी केसांना लावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पण वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, हे लक्षात ठेवावे. मोरावळा चवीला उत्तम, मात्र त्यात साखर फळाएवढी किंवा त्याहून जास्त असते. घरात मधुमेही आजोबा असतील, तर ‘औषधी आहे’ म्हणून त्यांना रोज मोरावळा देणे बरे नव्हे.

आवळ्याचा आणखी एक उपयोग तुमच्या वयाला फार महत्त्वाचा आहे. पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये यांत लोह असते, पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असेल, तर ते शोषायला मदत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणून जेवणात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा नसावा. पण रक्तक्षय असल्यास शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध सोडून नुसत्या आवळ्यावर विसंबू नये.

आणि सर्दी? १९७० साली लायनस पॉलिंग या थोर शास्त्रज्ञाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असे पुस्तकातून मांडले. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या. त्यांतून दिसले ते असे, की रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. ती थोडी लवकर बरी होते, इतकेच. जास्तीचे क जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही, ते लघवीवाटे निघून जाते. तेव्हा ‘दसपट शक्ती’च्या महागड्या बाटल्या विकणारा दुकानदार आवळा देऊन कोहळा काढतो आहे, हे ओळखा!

तुम्हीही मोजा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग जरूर करा. औषधाच्या दुकानातून पोव्हिडोन-आयोडीन आणि क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आणा. गोळी एक लिटर पाण्यात विरघळवा. हा तुमचा प्रमाणित द्रव, दर मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम. आवळ्याचा गाळलेला रस एक चमचा आणि पाणी नऊ चमचे, हा दुसरा द्रव. दोन ग्लासांत सारखीच पेजेची निवळी आणि सारखेच आयोडीन घ्या, एकाच ड्रॉपरने थेंब मोजा.

समजा, प्रमाणित द्रवाचे २० थेंब लागले आणि आवळ्याच्या द्रवाचे २५. तर आवळ्याच्या द्रवात दर मिलिलिटरला २०/२५ × ०.५ = ०.४ मिलिग्रॅम आणि मूळ रसात त्याच्या दसपट, म्हणजे ४ मिलिग्रॅम. १०० मिलिलिटरला ४०० आले. पण वहीत लिहिताना काय लिहाल? ‘क जीवनसत्त्व ४००’ नव्हे. ‘आयोडीनचा रंग घालवणारे सर्व पदार्थ, क जीवनसत्त्वाच्या मापात, ४००’ असे लिहा. मग तोच प्रयोग लिंबू, चिंच, पेरू आणि कोरा चहा यांवर करा. प्रत्येकाच्या रसात एक लोखंडी खिळा घालून ठेवा आणि कोणता रस शाईसारखा काळा होतो ते पाहा. दोन्ही निरीक्षणे शेजारीशेजारी मांडली, की कोणत्या मापात ‘पिशवी’ आली आहे ते ध्यानात येईल. प्रयोगातले द्रव मात्र पिऊ नका.

आमच्या प्रदर्शनातला तो तक्ता मी टाकून दिलेला नाही. चिकटवलेल्या कागदावर नवा आकडा लिहिला आहे आणि त्याखाली त्या मुलीचा प्रश्नही. पुढच्या वर्षी मुले तक्ता पाहायला आली, तेव्हा आकड्यापेक्षा प्रश्नापुढेच जास्त वेळ थांबली.

जे अगदी स्वच्छ, निःशंक कळले आहे, त्याला आपल्या भाषेत ‘हस्तामलकवत’ म्हणतात. तळहातावर ठेवलेल्या आवळ्यासारखे, सर्व बाजूंनी दिसणारे. गंमत अशी, की खुद्द आवळाच मला इतकी वर्षे हस्तामलकवत नव्हता. तळहातावर तो होता, पण मी त्याच्याकडे न पाहता पुस्तकातल्या आकड्याकडे पाहत होतो. तुम्ही तसे करू नका. या थंडीत एक आवळा घ्या, अर्धा खा आणि अर्धा मोजा!